हातांची वाट पाहत, नागपुरात

मे महिन्यात माणसं नागपुरातून पळतात. मी मे महिन्यात नागपूरला गेले. चिपळुणात आमच्या आळीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारच्या काकूंनी सासूबाईंना हळूच विचारलं, "सूनबाई डोक्याने ठीक आहे ना हो?" डोकं ठीक होतं. बिघडलं होतं ते मानेखालचं सगळं.

धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर बोटांचे सांधे धरले, मग मनगटं, मग गुडघे. संधिवात. देशातली आणीबाणी उठून वर्ष झालं, माझ्या सांध्यांतली अजून चालूच आहे. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू निसटतो, घरात सकाळी तवा हातातून पडतो आणि मग माझा पारा चढतो. मी मूळचीच तिखट जिभेची, त्यात हे दुखणं. घरातली मंडळी सकाळी माझ्या वाटेला जात नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, "हे बरं होणारं नाही, सांभाळायचं दुखणं आहे. कोकणातली ओल तुम्हाला वाईट. कोरड्या हवेत कदाचित बरं वाटेल." त्यातलं 'बरं वाटेल' तेवढं मी उचललं आणि 'कदाचित' तिथेच दवाखान्यात सोडून आले.

हे पोस्टात आहेत. नागपूरची जागा मागितली तर मिळण्यासारखी होती, पण अर्ज पावसाआधी करायला हवा होता. म्हणजे घर, आगर, सासूबाई, मुलांची शाळा, सगळं उचलून साऱ्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. माझे थोरले नणंद-नंदावे नागपुरात वीस वर्षं आहेत. ठरलं असं की सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचं, अंगाला हवा लावून बघायची आणि परत येऊन 'हो' की 'नाही' सांगायचं. हे म्हणाले, "तू हो म्हण, मी डोळे मिटून अर्ज करतो." बिचाऱ्यांना घर सोडायचं किती जिवावर आलं होतं ते मला दिसत होतं.

नंदनवन

आगगाडीच्या डब्याच्या दारात उभी राहिले आणि तोंडावर हवा आली ती भाकरी भाजताना चुलीतून येते तशी. अगं बाई! एवढंच मी म्हटलं. घामच येत नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात माणूस नुसतं बसलं तरी निथळतं. इथे घाम फुटायच्या आतच वाळून जात होता.

भावोजी, म्हणजे नणंदेचे यजमान, न्यायला आले होते. डोक्याला, कानाला, गळ्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. आधी मला वाटलं कोणी दरोडेखोर माझी वळकटी उचलतोय. त्यांनी तसलाच एक दुपट्टा माझ्याही डोक्याला बांधला आणि हातात एक कांदा दिला.

"हा कायले?" गाडीतल्या वऱ्हाडी मंडळींचं बोलणं ऐकून मीही तसंच विचारलं.

"जवळ ठेवा वैनी. ऊन लागत नाही."

सायकलरिक्षातून सीताबर्डीवरून निघालो तर भर दुपारी बाजारपेठेत चिटपाखरू नव्हतं. दुकानांचे पडदे खाली, कुत्री गटारात. आणि त्या ओसाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलमोहर असा फुललेला की मी कांदा विसरून तोंड वासून बघत बसले. बहाव्याचे पिवळे घोस तर हाताने तोडता येतील इतके खाली आले होते. ज्या उन्हात माणसं दाराआड दडतात त्याच उन्हात ही झाडं सजून उभी! मला त्यांचा फार अभिमान वाटला, जणू काही मीच लावली होती.

नंदनवन नावाच्या वस्तीत वन्संचं घर. आजूबाजूला अर्धे प्लॉट रिकामे, पलीकडे शेतं. वन्संनी मला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. खिडकीला वाळ्याची ताटी, भावोजी स्वतः तासातासाला तिच्यावर पाणी मारायचे, आणि पंखा लावला की गारेगार ओला सुगंध अंगावर यायचा. नागपूरकर पाहुण्याला याहून मोठं काही देऊ शकत नाही. इथे पाहुणचार म्हणजे गारवा. भावोजी दारात उभे राहून विचारत, "कसं वाटते? काश्मीर आहे की नाही?"

स्वर्ग होता हो! पण दुसऱ्या दिवशी उठले तर बोटं फुगून वांग्यासारखी झालेली. साऱ्या महाराष्ट्राचं ऊन ओलांडून मी ओल सोडायला आले आणि या मंडळींनी प्रेमाने ओल माझ्या खोलीत भरून ठेवली! सांगायचं कसं? भावोजी बादली घेऊन आले की मी म्हणे, "छान, छान." अशी दोन दिवस मी नागपुरात राहून चिपळुणात झोपले.

शेवटी तिसऱ्या दुपारी सगळी मंडळी झोपल्यावर मी गुपचूप मागच्या दारी गेले आणि तापलेल्या फरशीवर हात पालथे टेकून बसले. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात वन्सं पाणी प्यायला उठल्या.

"अगं मरशील! उठ आधी! अहो, धावा हो, वहिनीला ऊन लागलं!"

मग सगळं सांगावंच लागलं. वन्संनी कपाळावर हात मारला. भावोजी मात्र खरंच हिरमुसले. "म्हंजे आमची ताटीच बाधली वैनीले," असं दोनदा म्हणाले आणि बादली ठेवून आले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की कोकणातली एक बाई खास ऊन खायला आली आहे. चार बायका मला बघून गेल्या. पाचवी आली ती शेजारची शेवंतामाय.

भिंतीपलीकडे

शेवंतामाय साठीच्या पुढची, काटोलकडच्या शेतकरी घरातली. मुलगा इथे नोकरीला, म्हणून सुनेबरोबर इथे. ती आली, माझ्यासमोर बसली, माझे हात उचलून बघितले आणि स्वतःचे हात माझ्या मांडीवर ठेवले. तीच वाकलेली बोटं. तेच सुजलेले उंचवटे. माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेले. मला एकदम भीती वाटली, आणि त्याच वेळी सख्खी बहीण भेटल्यासारखंही वाटलं.

"सकाळी येजो," ती म्हणाली. "माह्याकडं ऊन लौकर येते."

सकाळी गेले. ती ओट्यावर भिंतीला टेकून, हात उन्हात पसरून बसली होती. पलीकडच्या घरातून कोणी बाई ओरडली, "मायऽ, हात आले काय वं?"

"नाही अजून," शेवंतामायनं तिथूनच उत्तर दिलं. "येऊन राहिले!"

मला वाटलं चेष्टा आहे. पण नाही. दूधवाला आला, त्यानं विचारलं, "हात आले काय?" सून मंदा आतून डोकावली, तिनंही तेच. त्या गल्लीत सकाळी असंच विचारतात, जसं आपण विचारतो, पाणी आलं का, पेपर आला का. आम्हा दुखणेकऱ्यांचं अंग सकाळी लाकूड असतं, दिवस वर आला की हळूहळू सैल होतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? सहा वर्षं ठाऊक होतं. पण मी रोज पहाटे उठून त्या लाकडाशी भांडत होते. कणीक मळायला बसायचं, रडायचं, भांडी आपटायची, मुलांवर ओरडायचं. आणि ही बाई जावयाची वाट बघावी तशी हातांची वाट बघत बसली होती!

"आणि नाहीच आले तर?" मी विचारलं.

"नाही आले तं गावाले गेले समजाचं. गावाले गेलेल्या माणसाले शिव्या देऊन काय फायदा वं? आले का मंग चहा पाजाचा."

चहा खरोखरच दोन्ही तळव्यांत पेला धरून प्यायची. मीही तसाच प्याले. पेल्याची ऊब तळव्यांत शिरली आणि चहा पोटात जाण्याआधी हातांनीच पिऊन टाकला.

ऊन ओट्याच्या मधोमध आलं तसं तिनं एकेक बोट हलवून पाहिलं आणि हाक मारली, "मंदे, आले वं!" मला वाटलं आता तांदूळ निवडायला घेईल, भाजी चिरेल. मंदा आतून धावत आली ती सागरगोटे घेऊन. सासू-सून ओट्यावर पाय पसरून सागरगोटे खेळायला बसल्या! मी बघतच राहिले. आमच्याकडे साठीची बाई भर सकाळी, स्वयंपाक व्हायचा असताना, सागरगोटे खेळली असती तर अंगारा आणला असता.

"आधी कामं नाही का उरकायची?" माझ्यातली मास्तरीण बोललीच.

"कामाले हात लावला का ते थकतात अन् जातात परत," शेवंतामाय गोटा वर उडवत म्हणाली. "मंग माह्या वाट्याले काय? म्हणून मी पयले खेळतो. मंग घरचं."

इथल्या बायका 'मी खेळतो, मी जातो' म्हणतात. दोन दिवस मी दचकत होते, तिसऱ्या दिवशी मलाच ते गोड वाटायला लागलं. मंदाला मी हळूच विचारलं, तुला राग नाही येत? ती हसली. "ज्या दिवशी आई खेळते ना, त्या दिवशी घरात कोणी कोणाले बोलत नाही. मले तर तेच परवडते."

शेवंतामाय दर डाव हरत होती. गोटे तिच्या वाकड्या बोटांतून सुटत आणि ओट्याखाली घरंगळत जात, आणि प्रत्येक वेळी ती खदखदून हसायची. मग म्हणाली, "घे, तू पाय खेळून." मी एक गोटा उडवला. झेलला! एकच. पण मी इतकी ओरडले की पलीकडून वन्सं धावत आल्या.

वडा-भात आणि सीताबर्डी

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू? सकाळ ओट्यावर, दुपार मागच्या गरम खोलीत, संध्याकाळ भटकण्यात. भावोजींनी ताटीचं दुःख खाण्यावर काढलं. एके सकाळी कोपऱ्यावरचे पोहे घेऊन आले, वर लालभडक हरभऱ्याचा रस्सा ओतलेला. त्याला तर्री म्हणतात. आमचे पोहे म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर, सोज्वळ घराण्यातले. हे पोहे खाल्ले आणि माझे कान गरम झाले, नाक वाहायला लागलं. "सोसते का?" भावोजींनी काळजीनं विचारलं. मी बोलूच शकत नव्हते, नुसती बशी पुढे केली, आणखी वाढा म्हणून.

वडा-भात तर वन्संनी कौतुकानं केला. डाळीचे खमंग वडे मोकळ्या भातात कुस्करायचे आणि वरून कडकडीत हिंग-मोहरीची फोडणी ओतायची. आम्ही कोकणातले लोक भातावर इतकी वर्षं राहतो, पण भाताला इतका थाट कधी केला नाही. बोटांनी वडा कुस्करताना लक्षात आलं, अरे, मी कुस्करतेय! बोटं मिटतायत, उघडतायत. माझा घास हातातच राहिला.

सीताबर्डीवर संध्याकाळी गेलो तर दुपारचं ओसाड गाव कुठल्या कुठे. माणसांचा पूर, कापडाच्या दुकानांतून हिंदी-मराठीची खिचडी, सायकलींच्या घंटा, सरबतवाल्यांच्या गाड्यांवर हिरव्या-लाल बाटल्या. सगळं शहर दिवसभर धरून ठेवलेला श्वास सोडत होतं. मी हुकांचं पोलकं विकत घेतलं. हसू नका. किती वर्षांत मी हुकांचं पोलकं घातलं नव्हतं, मुलगी बंद बांधून द्यायची. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी ते स्वतः घातलं, शेवटचा हूक लावला आणि आरशापुढे उभी राहिले, जणू लग्नाला निघाले होते. मग स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी झाली. मला अख्ख्या नागपुरात तिच्यासारखी वेणी दिसली नाही.

त्याच दुपारी मी वन्संना सांगितलं, "ठरलं. आम्ही इकडे येतो."

वन्सं रडायलाच लागल्या. वीस वर्षांत माहेरचं कोणी जवळ आलं नव्हतं त्यांच्या. भावोजी लगेच दुपट्टा बांधून घर शोधायला बाहेर पडले. त्याच गल्लीत, गच्ची असलेलं, एक घर त्यांनी हेरलंही. मालक दोन दिवसांत सांगतो म्हणाला. शेवंतामायला कळलं तेव्हा ती काही फार बोलली नाही. "परवा मांडे करू," एवढंच म्हणाली. "घरी आंबे येऊन राहिले गावाहून."

मांड्यांचा दिवस

त्या परवाच्या सकाळी मला जाग आली आणि उठता येईना.

गुडघे वाकत नव्हते. बोटं वळत नव्हती. जबडासुद्धा धरला होता. ना ताटी, ना ढग, ना पावसाचा थेंब. बाहेर तेच पांढरंफेक ऊन. मी वन्संना हाक मारायचा प्रयत्न केला आणि आवाज रडकाच निघाला. त्यांनी शेक दिला, तेल लावलं, ओट्यावर नेऊन बसवलं. ऊन चढत गेलं. काही नाही. मग मी बोलले, वाटेल ते बोलले. नागपूरला बोलले, डॉक्टरांना बोलले, देवाला तर सोडलंच नाही. वन्सं माझे तळवे चोळतच राहिल्या. दुपार टळत आल्यावर त्यांनी आणि मंदानं दोन्ही बाजूंनी धरून मला शेवंतामायकडे नेलं, मांडे चुकवू नयेत म्हणून.

अंगणात तीन दगडांवर मडकं उलटं घातलेलं, खाली काटक्यांचा जाळ. मंदानं सैल, लोंबती कणीक हातावर घेतली. लाटणं नाही, पोळपाट नाही. या हातावरून त्या हातावर झेलत, झुलवत ती कणीक वाढत गेली, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, अशी पातळ की पलीकडचा जाळ तिच्यातून दिसायला लागला, आणि अलगद तिनं ती मडक्यावर टाकली. मी रडायची थांबले. अशी गोष्ट माणसाच्या हातांनी होते, यावर माझा विश्वास बसेना.

"शेवंतामाय," मी म्हटलं, "इथेही गाठलंच मला त्यानं. मला वाटलं होतं, या उन्हात तरी..."

 ती फार मायेनं म्हणाली, "अवो पोरी, मले कोठं झालं तुले वाटते? काटोलले जन्मलो, याच उन्हात वावर निंदलं, याच उन्हात कापूस वेचला. माहे हात इथंच वाकडे झाले ना वं."

बाई गं! इतके दिवस रोज ते हात माझ्यापुढे होते. आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की या बाईला कुठली ओल बाधली? मी मास्तरीण, मुलांना विचार करायला शिकवते. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं, कारण माझं ते 'कदाचित', दवाखान्यात सोडून आलेलं, मला इथे गाठून समोर बसलं होतं.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू वेणी घालून भल्ली खुशीत फिरत होती. मी कायले बोलू?"

मग तिनं टोपलीतले आंबे पुढे ओढले. बारके, गावरान, चोखायचे. आम्ही हापूसवाले असल्या आंब्यांना आंबा म्हणत नाही. पण मला तर आज काहीच धरता येत नव्हतं. "मला नको," मी म्हटलं, "पिळता यायचा नाही."

"माहे आले हायत आज," ती म्हणाली, "पण पाय, नाही आले तं कसं खाचं." तिनं बोटं मिटून घेतली. दोन्ही मनगटांच्या मध्ये आंबा धरला, देठाकडचं टोक दातांनी तोडून थुंकलं आणि मनगटं एकमेकांवर दाबली. रस सरळ तोंडात. थोडा हनुवटीवर, थोडा कोपरावरून खाली. ती डोळे मिटून, आवाज करत, लहान पोरासारखी चोखत होती.

मी धरला. पहिला निसटून अंगणात गेला. दुसऱ्याचं टोक तुटेना. तिसरा धरला, दाबला, आणि तो आंबट-गोड, तंतूमय, उन्हानं कोमट झालेला रस तोंडात आला तेव्हा मी हापूसची सगळी घराणी विसरले. माझे कोपर, पदर, नवीन पोलकं, सगळं पिवळं. मंदा हसता हसता मांडा मडक्यावर टाकायला चुकली. वन्संही बसल्या आणि धडधाकट हात असून मनगटांनीच खाऊ लागल्या. हात आले नाहीत त्या दिवशीही काहीतरी असतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आता ते माझ्या हनुवटीवरून ओघळत होतं.

तेवढ्यात भावोजी धापा टाकत आले. "वैनी, मालक हो म्हणाला! आजच सांगा म्हणते."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं.

"नको भावोजी," मी म्हटलं. "आवडलं हो तुमचं नागपूर, फार आवडलं. पण मी औषध म्हणून त्याला प्यायला निघाले होते. पुढच्या वेळी नुसती पाहुणी म्हणून येईन."

 भावोजी दुपट्टा सोडून अंगणातच बसले आणि त्यांनी एक आंबा उचलला.

चिपळूण

एसटी स्टँडवर हे आले होते. मी पायऱ्या धरून, एकेक करत उतरले आणि यांची नजर आधी माझ्या हातांकडे गेली. पिशवी घेता घेता विचारलं, "मग? अर्ज करू?"

"नको."

यांचा चेहरा असा पडला की मला भडभडून आलं. घर सुटणार नाही याचा आनंद व्हायचा सोडून या माणसाला वाईट वाटलं होतं, ते माझ्यासाठी.

"गुण नाही आला का?" यांनी हळूच विचारलं.

"गुण नाही आला," मी म्हटलं, "पण मजा आली. अहो, फार मजा आली मला."

सहा वर्षांत माझ्या तोंडून हा शब्द यांनी ऐकला नव्हता. ते तसेच, स्टँडच्या गर्दीत, माझी पिशवी छातीशी धरून उभे राहिले. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "चल, घरी चल. सावकाश चाल, आपल्याला घाई नाही."